आमच्या आधी निघालेली बॅग

डांबरगोळ्यांचा वास मला अजूनही मे महिन्याचा वास वाटतो. इतरांच्या मे महिन्याला आंब्यांचा वास येतो. आमच्याही घरात तो असायचा, पण त्याच्या खाली कुठेतरी लोकरीचा वास असायचा. मुलुंडच्या उकाड्यात, पंखा पाचवर ठेवून, आई पलंगाखालची ट्रंक ओढून काढायची आणि तीन कानटोप्या, तीन मफलर, हातमोजे आणि बाबाचं एक जाडजूड जाकीट बाल्कनीतल्या दोरीवर उन्हाला घालायची. खालून जाणाऱ्या शेजारणी मान वर करून विचारायच्या, "काय हो, यंदा तरी जाताय का?" आई कठड्यावरून वाकून म्हणायची, "तारीख ठरतेय."

तारीख ठरतेय. माझं सगळं लहानपण या दोन शब्दांत मावतं.

गेल्या रविवारी मालतीकाकूंच्या दारात उभी राहिले तेव्हा हाच वास आला आणि माझा हात बेलवर तसाच राहिला. काकू आईबरोबर शाळेत शिकवायच्या. त्यांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, ठाण्याच्या बाजूला. आता त्यांची इमारत पाडून नवी बांधणार आहेत आणि महिनाअखेरपर्यंत सगळ्यांना घरं रिकामी करायची आहेत. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला होता. "गो बाय, सगळं आवरून झालं. एकच वस्तू उरलीय आणि ती माझी नाही." कुठली ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ती निळी कॅनव्हासची बॅग त्यांच्या कपाटावर चार वर्षं होती. आई जाऊनही तितकीच वर्षं झाली, तीन-चार महिने कमी.

बाबा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. यंत्रांचे नकाशे काढायचा. कंपनीत कॉम्प्युटर आले, पण घरी त्याच्या पेन्सिली सुटल्या नाहीत. टोक काढायचं यंत्र त्याला आवडायचं नाही. ब्लेडने हळूहळू सोलून तो टोक काढायचा आणि भुसा एका बशीत जमवायचा. एप्रिल लागला की भिंतीवरचं कॅलेंडर खाली यायचं. मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर ही पानं सोडवून तो जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडायचा आणि चारी कोपऱ्यांवर चमचे ठेवायचा, पंख्याने उडू नयेत म्हणून. शेजारी त्याने स्वतः काढलेला नकाशा. मुलुंडपासून स्पितीपर्यंत. आमच्या इमारतीचं फाटक त्यात होतं, कोपऱ्यावरचा पेट्रोलपंप होता, आणि मग गुजरात, राजस्थान, पंजाब ओलांडून ती रेघ हिमालयात शिरायची आणि तिथे इतकी वळणं घ्यायची की बाबाला कागद जोडावा लागला होता. वर टोकाला एक तळं होतं. ते त्याने निळ्या पेन्सिलीने रंगवलं होतं. नकाशावर तेवढाच रंग.

त्या तळ्याच्या काठी, चंद्र नसलेल्या रात्री, आकाश कसं दिसतं हे बाबाने तरुणपणी कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. कुणाच्या ते आठवत नाही, म्हणायचा. पण ते ऐकल्यापासून त्याला तिथे गाडी चालवत जायचं होतं. विमान नको, रेल्वे नको. घराच्या दारातून निघायचं.

"जूनच्या सुरुवातीला तळ्याअलीकडच्या खिंडीत बर्फ असतं," तो सांगायचा. "उघडली तर उघडली. जुलै-ऑगस्टात पाऊस, दरडी. सप्टेंबर म्हणजे काचेसारखं आकाश."

"सप्टेंबरात मला सुट्टी कोण देणार? तुमची काच?" आई म्हणायची. "माझी शाळा पंधरा जूनला उघडते. त्याच्या आत परत यायला हवं."

"अगं, पण खिंड..."

"खिंडीला सांगा, शिक्षिकेची सुट्टी आहे, लवकर उघड."

हा संवाद दरवर्षी व्हायचा, जवळपास याच शब्दांत, आणि दरवर्षी दोघं नव्याने हसायची. मी टेबलाच्या टोकाला बसून चमचा हलणार नाही हे बघायचे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी आकडे मी शाळेत नाही शिकले, त्या पानांवर शिकले. अमावास्येचा काळा ठिपका, पौर्णिमेचा मोकळा गोल. बाबाला प्रवासाच्या मधोमध काळा ठिपका हवा असायचा. आईला निघायच्या दिवशी तो नको असायचा. दोघांच्या मधली चार-पाच घरं उरायची, त्यात बाबा पेन्सिलीने हलकेच गोल करायचा. इतका हलका की तिरक्या उजेडात बघितल्याशिवाय दिसायचा नाही.

आणि मग कधी माझी परीक्षा यायची, कधी गाडीचं इंजिन उतरवायची वेळ यायची, कधी आजोबा आजारी पडायचे. बाबा खोडरबर घ्यायचा. खोडलेल्या जागी कागद जरासा गुळगुळीत व्हायचा. मी त्यावरून बोट फिरवायचे. अजून ती पानं आहेत आमच्याकडे. डोळे मिटून बोट फिरवलं तर कुठल्या वर्षी कुठे जायचं होतं ते सांगता येतं.

न जाताही आम्ही खूप तयारी केली. बाबा दर रविवारी आम्हाला सात मजले जिने चढायला लावायचा, विरळ हवेचा सराव म्हणून. आई तिसऱ्या मजल्यावर थांबून म्हणायची, "माझी खिंड इथेच आली. तुम्ही पुढे जा." एकदा आम्ही गाडी घेऊन घोडबंदरच्या रस्त्याने वसईच्या खाडीपर्यंत गेलो, सामान भरलं की गाडी कशी चालते ते बघायला. सामान म्हणून मागे रद्दी आणि दोन गाद्या भरल्या होत्या. खाडीच्या पुलाअलीकडे बाबाने गाडी थांबवली. "इथून पुढे नुसतं सरळ," तो म्हणाला. आम्ही तिघांनी चहा घेतला आणि परत आलो. त्या दिवशी मी फार खूश होते. मला वाटलं होतं, आपण अर्ध्यापर्यंत जाऊन आलो.

मी एकोणीस वर्षांची होते त्या मे महिन्यात गोल पहिल्यांदा खोडला गेला नाही. बाबाला पंधरा दिवसांची रजा मिळाली. आईची सुट्टी होतीच. माझी परीक्षा संपली होती. अमावास्या बरोबर मध्यावर येत होती. बातम्यांत म्हणत होते की यंदा बर्फ लवकर वितळतंय. निघायचं जूनच्या पहिल्या बुधवारी, कारण मंगळवारी बाबाला काही नकाशे पूर्ण करून द्यायचे होते.

आईने पंचांग बघितलं आणि कपाळाला हात लावला. "बुधवारी उत्तरेला जात नाहीत. दिशाशूल असतो."

"मग गुरुवारी निघू?"

"गुरुवारी निघालं की तुमची अमावास्या हुकते आणि माझी शाळा गाठता येत नाही. बुधवारीच निघायचं. प्रस्थान ठेवू."

मला ते माहीत नव्हतं. आईने सांगितलं. निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी आपल्या सामानातली एखादी वस्तू घराबाहेर काढायची, ज्या दिशेला जायचं त्या दिशेला कुणाच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे आपण त्याच दिवशी निघालो. नंतर जाताना ती वस्तू उचलायची आणि पुढे जायचं. तिच्या माहेरी तिचे आजोबा असं करायचे. मात्र एक होतं. ठेवलेलं प्रस्थान घरी परत आणायचं नाही. परत आणलं तर प्रवास मोडला.

बाबा हे सगळं मानणारा नव्हता. पण त्या सोमवारी सकाळी तो अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाला. आईने निळ्या बॅगेत कानटोप्या, मफलर, मोजे घातले. एका पिवळ्या फडक्यात तांदूळ, हळकुंड आणि सुपारी बांधली आणि ती पुरचुंडी वर ठेवली. आम्ही तिघं चालत दोन गल्ल्या ओलांडून मालतीकाकूंकडे गेलो. काकूंनी दारात पाणी घातलं, बॅगेला हळदकुंकू लावलं.

"या, प्रवासी मंडळी," त्या म्हणाल्या. "कसा झाला प्रवास?"

"रस्ता खराब आहे हो तुमच्याकडचा," बाबा म्हणाला. "खिंडीत म्हशी बसल्या होत्या."

काकूंनी कोकम सरबत दिलं. आईने सरबताचा पेला हातात घेऊन बॅगेकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "चला. निघालो एकदाचे."

तिचा तो चेहरा मला अजून जसाच्या तसा आठवतो. खिडकीतून सकाळचं ऊन तिच्या अर्ध्या गालावर आलं होतं. वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. ती कुठेतरी पोहोचल्यासारखी दिसत होती.

त्याच संध्याकाळी मला फोन आला.

मी कॉलेजात कुणाशी फारशी बोलायचे नाही. बोलायचं नसायचं असं नाही. वाक्य मनात तयार होईपर्यंत समोरचे पुढच्या विषयावर गेलेले असायचे. वर्गातल्या सहाजणींचा एक घोळका होता. शेजारच्या बाकावर बसून मी त्यांचं सगळं ऐकायचे, कुणाचं काय चाललंय ते मला नीट माहीत असायचं, पण ते मला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. फोनवर त्यांच्यातली एक बोलत होती. "ए, मनोरीला बीचवर कॉटेज बुक केलंय, गुरुवार ते शनिवार. एक जण गळाली यार. तू येतेस का?"

मी गळालेल्या मुलीची जागा भरत होते हे मला लगेच कळलं. तरी माझे कान गरम झाले. मी "हो" म्हणाले. वाक्य मनात तयार करायलाही थांबले नाही.

मंगळवारी सकाळी आई स्वयंपाकघरात प्रवासासाठी दशम्या करत होती. दुधात भिजवलेलं पीठ, त्याचा गोडसर वास. मी दारात उभी राहून सांगितलं की कॉलेजचं वर्कशॉप लागलंय, अंधेरीला, गुरुवारपासून तीन दिवस, हजेरी सक्तीची आहे. रोज मुलुंडहून जमणार नाही, मैत्रिणीकडे राहीन.

आईचं लाटणं थांबलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडे बघत होती, जिथे एरवी कॅलेंडर असतं.

"आत्ता कळवतात?"

"हो ना. मूर्ख आहेत."

"तीन दिवस गेले तर मग जून गेलाच गं."

गप्प राहणं मला तसंही जमायचं.

बाबा आला. आईने त्याला सांगितलं. तो टेबलापाशी बसला, जूनच्या पानाकडे बघत राहिला, मग सप्टेंबरचं पान जवळ ओढलं. "असं बघ," तो आईला म्हणाला, "सप्टेंबरात आकाश जास्त स्वच्छ. तू बिनपगारी रजा टाक, बारा दिवसांची. एवढी वर्षं नोकरी केलीस, देतील."

"आणि बॅग?"

"बॅग गेलीय ना पुढे. मग झालं तर. आपण निघालेलोच आहोत."

आईने मान हलवली. "हो. प्रस्थान ठेवलंय. आता मागेपुढे झालं तरी हरकत नाही."

आणि इथेच आमचं चुकलं. किती वेळा मी या जागी परत येते. बॅग घरात असती तर कदाचित आईने हट्ट धरला असता, बाबा चिडला असता, मी रडून खरं सांगून टाकलं असतं. पण बॅग दोन गल्ल्या पुढे गेली होती आणि तिघांनाही वाटत होतं की प्रवास सुरू झालाय, आता तो कुठे जातोय. कानटोप्या दुसऱ्याच्या घरी होत्या आणि आम्ही निवांत होतो.

बुधवारी, निघायच्या दिवशी, बाबा डबा घेऊन कामावर गेला. डब्यात दशम्या होत्या. गुरुवारी मला दिलेल्या डब्यातही दशम्याच होत्या. त्या मी मार्वेच्या धक्क्यावर, बोटीची वाट बघताना हातात धरून उभी होते. डिझेलचा वास, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, पायाखाली ओलं लाकूड. बोट पाच मिनिटांत पलीकडे गेली. इतकं जवळ असतं ते. कॉटेजवर त्या मुली गाणी लावून नाचल्या, फोटो काढले, एका मुलाच्या मेसेजवरून तासभर चर्चा केली. मला कुणी काही टोचून बोललं नाही. "अगं, तू पण ये ना फोटोत," म्हणाल्या. मी गेले फोटोत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या झोपल्या असताना मी पायरीवर बसून दशमी खाल्ली. ती अजून मऊ होती. समोर माडांखाली एक कोळीण जाळं विणत होती. तिने विचारलं, "एकलीच गं?" मी हसले. मला घरी जावंसं वाटत होतं. आमच्या टेबलापाशी, चमच्यांपाशी.

शनिवारी घरी आले तेव्हा आईने विचारलं, "कसं झालं वर्कशॉप?" मी म्हणाले, "ठीक." दुसऱ्या दिवशी माझे सँडल धुऊन बाल्कनीच्या कठड्यावर वाळत ठेवलेले दिसले. मनात काही आलं नाही.

त्या वर्षी गणपतीचं विसर्जन झालं तेव्हा आई घरात नव्हती. याहून जास्त मला लिहिता येत नाही. सप्टेंबरचं पान टेबलावर तसंच होतं, चार चमच्यांखाली. काळ्या ठिपक्याभोवती हलकासा गोल.

पुढच्या एप्रिलात बाबाने पुन्हा कॅलेंडर खाली घेतलं. मला वाटलं, आता कशाला. पण तो पेन्सिलीला टोक काढत बसला आणि मी चमचे आणून ठेवले. आम्ही तारखा बघतो. सप्टेंबरच्या बघतो. मग मी म्हणते, ऑफिसात विचारते. मग आम्ही जेवतो. बॅगेचं नाव दोघंही काढत नाही. वर्षातून एकदा बाबा काकूंना फोन करतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि शेवटी विचारतो, "आहे ना?" काकू म्हणतात, "आहे हो. कपाटावर आहे."

रविवारी काकूंच्या घरात भिंतींवर फक्त तसबिरींचे चौकोन उरले होते. खोक्यांच्या मधोमध जमिनीवर ती निळी बॅग. मला आठवत होती त्यापेक्षा लहान.

"घरी नेऊ नको हं," काकू आधीच म्हणाल्या. "प्रस्थान मागे फिरवत नाहीत."

"मग काय करू, काकू?"

"ते मला काय विचारतेस? तुमची बॅग, तुमचा प्रवास. उघडून तरी बघ. चार वर्षांत कसर लागली असेल."

मी चेन ओढली. पुरचुंडीतले तांदूळ किडून पीठ झाले होते, हळकुंड मात्र टणक होतं. खाली कानटोप्या. आईची जांभळी, बाबाची करडी, माझी लाल. एकीलाही कसर नव्हती. प्रत्येकीच्या आत डांबरगोळ्यांची एक-एक पुडी होती, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली. आणि तळाशी एक शाल, जी त्या सोमवारी आम्ही ठेवली नव्हती.

"ही शाल?"

"आली होती ती ठेवायला. ऑगस्टात. सप्टेंबरात थंडी जास्त असते म्हणाली. पुड्याही तेव्हाच घातल्या." काकू खोक्यावर बसल्या. थोडा वेळ त्यांनी हातातला दोरा गुंडाळला. "इथेच बसली होती, तू बसलीयेस तिथे. म्हणाली, मालती, पोरगी खोटं बोलली माझ्याशी."

माझे हात लाल टोपीत होते. तिथेच राहिले.

"म्हणाली, सँडलमध्ये मूठभर वाळू. अंधेरीच्या वर्कशॉपात कुठली आलीय वाळू?"

"मग तिने मला विचारलं का नाही?"

"मी तेच म्हटलं तिला, की चांगली झाड तिला. तर म्हणते कशी, कधी कुठे जात नाही, कुणाशी बोलत नाही. गेली एकदाची पोरींबरोबर. आता विचारलं तर पुन्हा जाणार नाही. डोंगर काय, सप्टेंबरातही तिथेच असतील." काकूंनी नाक पुसलं. "आणि हसत होती गो. रागावली असती तर मी तुला सांगितलं नसतं."

खाली टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. काकू उठल्या. मी टोप्या जशा होत्या तशा ठेवल्या, पुड्यांसकट, शालीसकट. किडलेले तांदूळ काढून काकूंनी डब्यातले मूठभर नवे दिले, ते बांधले. चेन लावली.

"तुम्ही कुठे राहायला जाताय, काकू?"

"ठाण्याला. नव्या घराची चावी मिळेपर्यंत."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. काकूंनीच बॅग उचलली आणि टेम्पोत पुढच्या सीटवर, स्वतःच्या मांडीवर घेतली.

घरी आले तेव्हा बाबा टेबलापाशी होता. तो आता निवृत्त झालाय. मे ते सप्टेंबर मांडलेले. ब्लेड चालू होतं.

"काय म्हणतात मालतीबाई?" त्याने विचारलं. मग वर न बघता, "आणली नाहीस ना?"

"नाही. काकूंबरोबर ठाण्याला गेली."

ब्लेड थांबलं. त्याने नकाशा जवळ ओढला. मुलुंडच्या फाटकापासून बोट हळूहळू वर सरकवलं. "ठाणं वाटेतच आहे," तो म्हणाला. "म्हणजे आपल्या आधी निघाली."

मी खुर्ची ओढून बसले. चमचे सरळ केले. वाक्य मनात तयार करत बसले असते तर चार वर्षं आणखी गेली असती.

"बाबा, ते अंधेरीचं वर्कशॉप नव्हतंच. मी मैत्रिणींबरोबर मनोरीला गेले होते."

बशीतला भुसा त्याने बोटाने एका बाजूला लोटला, मग दुसऱ्या. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. सुरू झाली, गेली.

"छान होतं का तिथे?" त्याने विचारलं.

"नाही. दुसऱ्या दिवसापासून घरी यावंसं वाटत होतं."

"मग यायचं ना गं," बाबा म्हणाला. "आम्ही घरीच होतो."

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. मी टेबलावर डोकं ठेवलं. कागदाचा वास, शिशाचा वास. बाबाचा हात माझ्या केसांवर आला, त्याची बोटं पेन्सिलीने काळी झालेली असणार. आईला ठाऊक होतं हे मी त्याला तसंच डोकं खाली ठेवून सांगितलं. वाळूचं सांगितलं, शालीचं सांगितलं. "हसत होती म्हणे," असं म्हणाले तेव्हा त्याचा हात क्षणभर थांबला आणि मग पुन्हा फिरायला लागला.

बऱ्याच वेळाने पानांचा आवाज झाला. मी मान वर केली. बाबाने चमचे उचलून जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर बाजूला ठेवले होते. समोर फक्त जून होता. तो वाकून पहिल्या आठवड्यात गोल करत होता, नेहमीसारखाच हलका.

"आता बुधवार असला तरी चालतो," तो म्हणाला. "बॅग बाहेर आहे."

"पण खिंड उघडली नसेल तर?"

"तर अलीकडे थांबू. उघडेपर्यंत." त्याने पेन्सिल पुढे नेली, एकेक घर मोजत, आणि चौदा तारखेवर दुसरा गोल केला. "परत मात्र या दिवशी यायचं. पंधराला शाळा उघडते."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण पेन्सिल तिथेच थांबली. पण त्याने खोडरबर घेतला नाही, आणि मीही दिला नाही.